विस्तव राखणारी

काडेपेटी कुणाला ठाऊकही नव्हती, त्या काळची ही गोष्ट. चूल विझली की खापरी घेऊन शेजारी जायचं आणि विस्तव मागून आणायचा, अशी रीत होती.

अशाच एका डोंगरगावात एक विधवा राहायची. तापाच्या साथीत नवरा गेला, पाठोपाठ तरणाताठा मुलगाही गेला. बाईचं जगण्यावरून मनच उडालं. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून शिळंपाकं तोंडात टाकायची आणि भिंतीला टेकून बसायची.

पावसाची झड लागली. एका सकाळी तिनं ठरवलं, आज चुलीत लाकूड घालायचं नाही. चूल विझू दे आणि आपणही आता उठायचं नाही.

तेवढ्यात शेजारीण दारात हजर. "मावशी, विस्तव आहे का गं? गळतीनं आमची चूल विझली. धाकटी जाऊ बाळंत झालीय, बाळाला शेक द्यायचाय."

बाईनं नाखुशीनं राख उकरली. तळाशी दोन निखारे होते, त्यातला एक दिला.

"उद्याही लागेल हं. या पावसात छप्पर शाकारता येत नाही."

झालं! आता चूल विझवायची सोय राहिली नाही. बाई ओली लाकडं चुलीशी वाळवू लागली. फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे. हळूहळू निम्मं गाव तिच्याकडेच यायला लागलं. "मेलीला सुखानं मरूही देत नाहीत," असं पुटपुटत ती लाकडं पुढं सारायची.

आणि एक दिवस तिच्याच घराची भिंत ढासळली. पाणी थेट चुलीकडं धावलं. क्षणभर तिला वाटलं, विझली तर सुटले एकदाची. कुणी बोलही लावला नसता. पण ते बाळ डोळ्यांपुढं आलं. तिनं निखारे मडक्यात भरले, डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि मडकं पोटाशी धरून कोपऱ्यात बसली. हात पोळले, तरी ती फुंकर घालत राहिली.

पाऊस ओसरल्यावर शेजारीण धावत आली. "मावशी, आहेस ना गं?"

"आहे. विस्तवही आहे."

शेजारणीला रडू आलं. "तू तर म्हणायचीस, आता जगायचं नाही."

"म्हणायचे खरी," बाई म्हणाली. "ते राहू दे. घरात पीठ असेल तर आण थोडं. कडकडून भूक लागलीय मला."

तात्पर्य: दुःख सरायची वाट बघत बसू नये. कुणाच्या तरी उपयोगाचं काम नेटानं करत राहावं, जगायचं बळ त्यातूनच येतं.