डिकीतली दोन यंत्रं

“दोन्हींतलं कोणतं ठेवू, बुवा?”

सबनीस सरांनी हा प्रश्न मठाच्या ओसरीवर टेकायच्या आधीच विचारला. डोक्यावर जरीचा फेटा, अंगात रेशमी कुर्ता, आणि हातात एक कागद. कागदावर दोन यंत्रांची तुलना लिहिलेली होती.

रेवणबुवा शेंगा सोलत बसले होते.

“कसली दोन?”

“जंप स्टार्टर. गाडीची बॅटरी उतरली की बॅटरीला याचे चिमटे लावायचे, गाडी सुरू. वायर घेऊन कुणाच्या दारात उभं राहायला नको. दोन मागवलीत. एक परत करायचंय, उद्याची मुदत आहे.”

बुवांना हे विचारण्यात वावगं काही नव्हतं. मठात येण्याआधी त्यांनी एसटीच्या डेपोत बावीस वर्षं बॅटऱ्यांचं काम केलं होतं. आत्म्याबद्दल विचारणारे गुरुवारी येत, बॅटरीबद्दल विचारणारे कोणत्याही वारी. सर दोन्हींसाठी येत. पण कॉलेजात तीस वर्षं विद्युतशास्त्र शिकवलेलं असल्यामुळे ते विचारायला येत आणि सांगून जात.

“एकाचा करंट दोन हजार अँपिअर,” सर कागदावर बोट ठेवून म्हणाले. “दुसऱ्याचा दीड हजारच, पण त्याला टॉर्च आहे, शिवाय चाकात हवा भरायचा पंप. आता सैद्धांतिकदृष्ट्या पाहिलं तर...”

“बॅटरीच नवी घेतली तर?”

“बॅटरी उत्तम आहे, बुवा. फक्त गाडी सुरू करत नाही.”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

अंगणात गाडीचा हॉर्न कण्हला आणि गप्प झाला. गाडीत प्रमिलाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, शालू नेसून बसल्या होत्या. आज विट्याला सरांच्या भाचीचं, केतकीचं लग्न होतं. मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं भटजी पुकारतात तेव्हा मामा हजर लागतो, आणि केतकीला मामा एकच होता. तो सव्वाअकरा वाजता इथे अँपिअर मोजत होता.

“गाडी बंद केली व्हय?” बुवांनी विचारलं.

“मठात यायचं आणि बाहेर इंजिन चालू ठेवायचं? बरं दिसतं का ते?”

“मी नको म्हणाले होते,” काचेतून प्रमिलाबाई म्हणाल्या.

सरांनी जाऊन किल्ली फिरवली. ‘टक्’ असा आवाज आला. पुन्हा फिरवली. या वेळी तोही आला नाही.

“काही बिघडलं नाही,” सर म्हणाले. “डिकीत एक सोडून दोन यंत्रं आहेत. रात्रभर चार्ज केलेली. प्रात्यक्षिकच होऊन जाईल.”

ते ऐटीत मागे गेले आणि डिकीचं बटण दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग अंगठ्याने दाबलं.

बुवा शेंगांची परात घेऊन मागोमाग आले होते.

“ह्ये बटण कशावर चालतंय?”

सरांचा अंगठा बटणावरून उतरला.

“बॅटरीवर,” ते म्हणाले.

तीस वर्षांत त्यांनी इतक्या हळू आवाजात उत्तर दिलं नव्हतं.

“म्हणजे मदत आत आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या, “आणि दार मदतीशिवाय उघडत नाही.”

बुवांनी मागचा दरवाजा उघडला, चाचपून एक खटका ओढला आणि मागच्या सीटची पाठ पुढे पाडली. तिच्यामागे डिकीत जायला काळोखं भोक दिसलं. एखादं मांजर सहज गेलं असतं.

“आतनं जावा.”

“मी?”

“मामा कोण हाय?”

सर वाकले. फेटा छताला अडला. तिरके झाले, तर तुरा अडला.

“फेटा काढा.”

“सकाळी माणूस बोलावून बांधून घेतलाय, बुवा. मला बांधता येत नाही.”

“मग त्या मान्साला आत धाडा.”

सरांनी दोन्ही हातांनी फेटा अलगद उचलला. बुवांनी परात खाली ठेवून तो घेतला.

विद्युतशास्त्राचे निवृत्त विभागप्रमुख कमरेपर्यंत गाडीच्या पोटात शिरले. बाहेर दोन पाय तेवढे राहिले, आणि तेही हवेत. आतून एक छत्री पडल्याचा आवाज आला, नंतर “आई गं” ऐकू आलं. बराच वेळ खुडबुड चालली. नको नको त्या विचारांनी सरांना घेरलं होतं. केतकी चार वर्षांची असताना त्यांनी तिला कडेवर घेऊन कबूल केलं होतं, तुला बोहल्यापर्यंत मीच नेणार. आता ती तयार होऊन दाराकडे बघत असेल, आणि तिचा मामा स्टेपनीला मिठी मारून पडला होता. त्यांना खरोखर रडू आलं.

ते बाहेर आले तेव्हा हातात एक यंत्र होतं. कोणतं, ते त्यांनी पाहिलंही नाही.

बॉनेट उघडलं. बॅटरीवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून थापलेलं होतं. बुवांनी उपरण्याच्या टोकाने ते पुसलं. सरांनी लाल चिमटा लावला, काळा लावला, प्रमिलाबाईंनी सरकून किल्ली फिरवली... आणि गाडी सुरू झाली.

सरांचा चेहरा उजळला. गेलेला सगळा करंट परत आला.

“पाहिलंत?” ते म्हणाले.

ते टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी चिमटे काढले, तारा गुंडाळल्या, यंत्र खोक्यात घातलं. आता बटण दाबताच डिकी उघडली. त्यांनी खोकं दुसऱ्या खोक्याशेजारी नीट लावलं आणि डिकी धाडकन बंद केली.

“अहो, निघू या...” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“नमस्कार न करता?”

आणि सरांनी आत हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

लांब कुठेतरी विळ्याने कडबा कापत असल्याचं ऐकू येत होतं.

सर तसेच होते. डोकं वर उचलायच्या आधीच त्यांना काय झालं ते कळलं होतं, म्हणून ते उचलत नव्हते.

“अकरा चाळीस,” प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फेटा बुवांच्या हातातच होता.

सर उठले. सीट अजून पाडलेलीच होती. त्यांनी कुणी न सांगता मान खाली घातली आणि आत शिरले. या वेळी छत्री पडली नाही, पायही हवेत गेले नाहीत. मिनिटभरात ते यंत्र घेऊन बाहेर आले. कुर्त्यावर डावीकडे पहिल्या खेपेचा काळा पट्टा होताच, आता उजवीकडेही उमटला.

गाडी सुरू झाली. सर डिकीकडे वळले, तोच प्रमिलाबाईंनी खिडकीतून हात काढून यंत्र ओढून घेतलं. तारा लोंबत होत्या. त्यांनी ते तसंच शालूवर, मांडीवर ठेवलं आणि वरून दोन्ही हात धरले.

“बसा,” त्या म्हणाल्या.

सर बसले. बुवांनी खिडकीतून फेटा दिला. तो डोक्यावर थोडा वाकडा बसला, पण सरांनी आरशात पाहिलं नाही. स्टिअरिंगमागूनच त्यांनी हात जोडले. उतरायची तीव्र इच्छा त्यांना पुन्हा झाली होती. पण बुवांनी नुसता तळवा दाखवला.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. इंजिन चालू होतं. सरांनी मान बाहेर काढली.

“बुवा, ते राहूनच गेलं. दोन्हींतलं कोणतं ठेवू?”

बुवा पुन्हा शेंगांपाशी बसले होते.

“वैनींच्या मांडीवरचं.”