पवळीचा पहिला चीक

एक होता राजा. राज्य केवढं? दोन टेकड्या, एक ओढा आणि मधे एक गोठा. गोठ्यात पवळी गाय. एवढ्याशा राज्याला नोकरचाकर कुठले? राजाच शेण काढायचा आणि राणी वैरण घालायची. हसू नकोस, मुक्ता. राजांनाही कामं असतात.

या राजाला खरवसाचं भारी वेड. पवळी व्याली की राजा पहिला चीक काढायचा, त्यात गूळ-वेलदोडा घालायचा आणि चुलीवर चढवायचा. गावभर वाट्या फिरायच्या. सगळे मिटक्या मारायचे. पण बरं का, पवळीचं वासरू काही जगायचं नाही.

पहिल्या वर्षी पवळी व्याली, तेव्हा हाताशी काहीच नव्हतं. राणी गवतासाठी इकडे पळाली, राजा पोत्यासाठी तिकडे पळाला. तोवर वासरू ओल्या जमिनीवर गारठलं आणि गेलं.

मग दुसऱ्या वर्षी राणीनं सगळं आधीच मांडून ठेवलं. कोरडं काड, धुतलेलं गोणपाट, नाळ बांधायला उकळलेला दोरा, वर लावायला हळद. पवळीसाठी बाजरी नि गूळ. वासरू उभंही राहिलं. पण ते मरगळत गेलं, आणि तेही गेलं. पवळी वैरणीला तोंड लावेना. राणी तिच्या गळ्यात पडून रडली. राजाही रडला. पण खरवस खाऊन झाल्यावर हं!

मग आली वसुबारस. राणी पवळीच्या पायांवर पाणी घालत होती, तर पवळी चक्क बोलली. गोष्टीतल्या गाई बोलतात, सोपान, मधे मधे विचारू नकोस. पवळी म्हणाली, "राणीबाई, तिसरं पोटात आहे. तुम्ही सगळं जमवता, पण वासराच्या तोंडचा चीक काढून नेता. त्यानंच तर त्याच्या अंगात बळ येतं. यंदा नेलात, तर मी या गोठ्यात राहायची नाही."

राणीनं राजाला सांगितलं. राजानं पवळीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली.

मग पवळी व्याली. कालवड झाली, तांबडी, कपाळावर चांद. राणीनं तिच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, गोणपाटानं अंग खसाखसा कोरडं केलं, नाळेला हळद लावली. पण कालवड काही उठेना.

राणी म्हणाली, "अहो, थोडा चीक काढा. बोटानं चाटवू तिला."

राजानं तांब्यात चीक काढला. पिवळाधमक, दाट! दारात लोक वाट्या घेऊन उभे. राजाच्या तोंडाला सुटलं पाणी. आणि हा बाबा निघाला की चुलीकडे!

पहिलं पाऊल टाकलं, तर पवळीच्या दाव्याची गाठ सैल झाली. दुसरं टाकलं, तर दावं गळून पडलं. तिसरं टाकलं, तर पवळी दाराकडे वळली आणि एकदाच हंबरली. कालवडीनं मान उचलून पाहिली, पण तिला उचलवेना.

राजाला लाज वाटली. फार लाज वाटली. तो मागे फिरला, काडात मांडी घालून बसला आणि चिकात बुडवलेलं बोट कालवडीच्या तोंडात दिलं. ती चोखायला लागली. मग तांब्या रिकामा होईस्तोवर राजा उठला नाही. मग कालवड धडपडली, पडली, परत पडली, आणि उठून थेट आईच्या कासेला लागली. पवळी मागे वळून तिला चाटू लागली.

लोक रिकाम्या वाट्या घेऊन घरी गेले. कालवडीचं पोट भरून चीक उरायला लागला, तेव्हा कुठे खरवस झाला. वाटीभर नाही, बोटभर. राजाला मिळाली पातेल्याची खरवड. पवळीला मात्र पुन्हा दावं लागलं नाही. गोठा वासरांनी भरला आणि सगळे सुखात राहिले.

आता आपली हरणी आज-उद्या विणार. काड पसरलंय, गोणपाट वाळलंय, हळद काढून ठेवलीय. मग या दोन वाट्या उशाशी कुणी आणून ठेवल्यात? जा, फडताळात ठेवून या, आणि गुपचूप झोपा.