न वाचलेली कापडं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. राजे होते, आणि माणसं तेव्हाही आजारी पडत होती, एवढं पुरे.

एका राज्यात एक मोठी औषधशाळा होती. तिथे कोणाला दाम मोजावा लागत नसे. सावकाराच्या शेजारच्या खाटेवर भिकारी निजे आणि दोघांना एकाच पातेल्यातला काढा मिळे. लोकांना या औषधशाळेचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

औषधशाळेत एक नवलाचा स्फटिक होता. आजाऱ्याला उन्हात त्याच्यासमोर उभं केलं की त्याच्या छातीतली, पोटातली सावली मागच्या ओल्या कापडावर उमटे आणि कापड वाळलं तरी पुसली जात नसे. पण ती सावली म्हणजे नुसता करड्या डागांचा गोंधळ. त्यातला कुठला डाग हाडाचा, कुठला वाऱ्याचा आणि कुठला मरणाचा, हे फक्त छायापारख्यालाच कळे. पारखी कापड वाचून त्याच्या कोपऱ्याला दोरा बांधी. पांढरा दोरा म्हणजे निर्धास्त घरी जा. तांबडा म्हणजे वैद्याने शस्त्र हाती घ्यावं. कापडाला दोरा नसेल तर वैद्य त्या माणसाला हात लावत नसत. नियम कडक होता, पण शहाणपणाचा होता.

आता या राज्याचं खूळ ऐका. जो राजा गादीवर येई तो एक नवा स्फटिक आणवी. वाजतगाजत मिरवणूक निघे, नारळ फुटे, राजाच्या गळ्यात हार पडत. पारखी घडायला मात्र अर्धं आयुष्य जाई. शिकणारा माणूस जुन्या पारख्याशेजारी बसून, डोळे बारीक करून नुसते डाग बघत राहणार. त्याची मिरवणूक कशी काढायची? म्हणून त्या वाटेला कोणताच राजा गेला नाही.

स्फटिक वाढत गेले, पारखी आटत गेले. कोणाचे डोळे गेले. कोणी नदीपलीकडच्या राज्यात निघून गेले, कारण तिथे निदान दुपारचे दोन घास बसून खाता येत. शेवटी उरली एकटी गोजराबाई. अंगणात वलणीवर वलणी बांधल्या होत्या आणि त्यांवर न वाचलेली कापडं लोंबत होती.

त्यांतलं एक चांगुणा कुंभारणीचं होतं. चाक फिरवताना तिच्या बरगडीखाली कळ येई. ती दर बाजाराच्या दिवशी डोकावून जाई.

"बाई, माझं कापड झालं का बघून?"

"न्हाई गं अजून. तुझ्या आधीची माणसं बी उभीच हायेत."

"दुखणं थांबत न्हाई ना पण, बाई."

गोजराबाई पुढचं कापड उजेडात धरी. तिला रडू येई, पण रडल्या डोळ्यांना डाग दिसत नाहीत, म्हणून ती रडतही नसे.

एके दिवशी प्रधान आला. वलणींकडे बघून त्याने नाक मुरडलं. "गोजराबाई, सणाला महाराज नवा स्फटिक घेऊन येताहेत. तोवर हे अंगण मोकळं दिसलं पाहिजे."

"मी एकटी हाय, प्रधानजी."

"मग पांढरे दोरे बांधून टाका. ज्यांना खरंच काही झालं असेल, ते येतील परत."

"येतील की," गोजराबाई म्हणाली. "पण चौघांच्या खांद्यावरून येतील. न बघता मी एक बी दोरा बांधणार न्हाई. मला काढून टाका, न्हाईतर कोंडून घाला."

तिला काढून टाकलं तर उरणार कोण, हे प्रधानालाही ठाऊक होतं. तो पाय आपटत निघून गेला. गोजराबाईने मात्र गावोगाव सांगावा धाडला: सणाच्या दिवशी प्रत्येकाने येऊन आपापल्या कापडाखाली उभं राहावं.

सणाच्या सकाळी अंगण माणसांनी भरलं. त्याच सकाळी चांगुणाच्या कापडाची पाळी आली. गोजराबाईने ते उजेडात धरलं. मग दोऱ्याकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

"पोरी, खोटं बोलणार न्हाई. तू पहिल्यांदा आलीस तवाच हे बघितलं असतं, तर तांबडा दोरा बांधला असता आन् तू वाचली असतीस. आता शस्त्राचं काम ऱ्हायलं न्हाई."

चांगुणा कापडाखालीच बसली. मग म्हणाली, "म्हंजे मला दुखण्यानं न्हाई मारलं. वाट बघण्यानं मारलं."

तेवढ्यात वेशीकडून ढोल ऐकू आले. चांगुणा उठली, फाटकाबाहेर गेली आणि स्फटिकाच्या गाडीसमोर उभी राहिली. गाडी थांबली. तिने बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं आणि जमिनीवर ठेवून त्यावरच बसली.

"ही गाडी आत जायची न्हाई."

राजा वाईट नव्हता, त्याला फक्त हार आवडत. तो गोंधळून म्हणाला, "अहो बाई, हा स्फटिक तुमच्यासाठीच तर आणलाय!"

"आडात न्हाई, ते पोहऱ्यात कुठनं यायचं, महाराज? बघणारं माणूस न्हाई, आन् ह्यो आणून काय करणार? आणखी कापडं टांगणार? आदी माणसं घडवा, मग गाडी आत न्या."

प्रधान ओरडला, "हटवा हिला!"

शिपाई पुढे आले आणि थांबले. त्यांच्यातल्या निम्म्यांची कापडं त्याच वलणींवर होती. एकाने भाला भिंतीला टेकवला आणि तो आपल्या कापडाखाली जाऊन उभा राहिला. मग दुसरा गेला.

राजाने गोजराबाईला विचारलं, "तुम्हाला काय हवं?"

"शिकणारी माणसं द्या. आन् माझा अर्धा दिवस त्यांना शिकवायला."

"अर्धा दिवस?" प्रधान म्हणाला. "मग तर ही कापडं आणखी रखडतील!"

"रखडतील. लोक मला शिव्या देतील, त्या मी खाईन. बियाणं दळून खाल्लं तर आजची भाकरी हुईल, पर पुढं पेरायचं काय?"

राजा लोकांकडे वळला. "तुम्हाला आणखी थांबावं लागेल. चालेल?"

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "आता तरी कुठं लवकर हुतंय, महाराज?"

राजाने गाडी माघारी वळवली. पुरेसे पारखी तयार होईपर्यंत राज्यात नवा स्फटिक येणार नाही, असा त्याने हुकूम काढला, आणि प्रधानाच्या तोंडाकडे न बघता काढला.

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. वलणी आणखी लांबल्या. लोकांनी गोजराबाईला खरोखरच शिव्या दिल्या. चांगुणा तर सुगीच्या आधीच गेली. पण एकेक शिकाऊ हळूहळू पारखी झाला, आणि त्यांनी पुढचे शिकाऊ हाताशी घेतले. मग एकदा एक नावाडी छाती धरून औषधशाळेत आला. त्याचं कापड त्याच संध्याकाळी वाचलं गेलं, वेळेत शस्त्र झालं आणि तो बरा होऊन आपल्या नावेवर परत गेला. चांगुणा कोण होती, हे त्याला कधीच कळलं नाही.

तात्पर्य: हत्यार एका दिवसात आणता येतं, पण नजर घडायला वर्षं लागतात; आणि ती वर्षं द्यायला जो नकार देतो, त्याची वाट अडवावीच लागते.