निंबाजीने बसवलेला आस

रस्ते अजून बैलांच्या खुरांनी पडत होते, त्या काळची ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावातले गाडीवान मिठाची पोती लादून घाट चढायचे आणि माथ्यावरच्या बाजारातून ज्वारी घेऊन उतरायचे. त्या गावात निंबाजी आणि सोनबा नावाचे दोन गाडीवान शेजारी शेजारी राहत. दोघांचं अंगण एकच होतं, मध्ये कुंपणही नव्हतं.

निंबाजी गाडी हाकण्यात पटाईत. त्याने नुसती जीभ टाळ्याला लावली तरी बैल वळायचे. म्हणून घाट चढताना सगळ्यांच्या पुढे त्याची गाडी असे. पुढच्या गाडीचा मान मोठा. कुठे थांबायचं ते तिने ठरवायचं, आणि बाजारात पहिली हाक तिच्या मालकाला यायची.

एका उन्हाळ्यात सोनबाच्या गाडीचा आस झिजला. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा लाकडी दांडा. गाडीचा सगळा भार त्याच्यावर. कुणाचा आस गेला की गाडी भागोजी सुताराकडे न्यायची, अशी गावाची रीत होती. सोनबाने मात्र गाडी अंगणातच उलटी घातली आणि नवा आस स्वतः घडवून बसवला.

पहिल्याच चढाला मोडेल, असं निंबाजी बायकोला म्हणाला. तो मोडावा, असं त्याला आतून वाटलंही. पण आस मोडला नाही. गाडी घाट चढली, उतरली, पुन्हा चढली. मग जो तो सोनबाचंच नाव घेऊ लागला. विहिरीवर तेच, बाजारात तेच. गाडीवानांचा म्होरक्या एक दिवस म्हणाला की ज्याला गाडी आतून कळते तो पुढे असलेला बरा. आणि त्या खेपेपासून सोनबाची गाडी पुढे निघाली.

निंबाजी तिच्या मागे होता. सोनबाच्या चाकांची धूळ उडून त्याच्या मिशांवर बसत होती. तोंड पुसत तो सगळा घाट चढला. घरी जेवताना बायकोने, गिरजाने, सहज म्हटलं की सोनबा भावोजींच्या हाताला गुण आहे. निंबाजीचा घास तोंडातच फिरत राहिला. अंगणात सोनबा खोकला तरी आता त्याला राग यायचा.

पुढे त्याच्याच गाडीचा आस कण्हू लागला. गिरजा म्हणाली, भागोजीकडे नेऊन टाका. त्यालाही ते पटलं. बैल जुंपून तो निघालाही होता. तेवढ्यात सोनबाने आवाज ऐकून मान वर केली.

"आस बोलतोय तुझा. बघू का?" तो म्हणाला.

सोनबा साध्या मनाने बोलला होता. निंबाजीच्या कानात मात्र ते टोमण्यासारखं शिरलं. त्याने गाडी तिथेच फिरवली.

"मीच बसवणार आहे," तो म्हणाला.

"बसव की. लाकूड आहे का?"

"आहे."

लाकूड नव्हतं. सोनबाचा आस धावड्याचा आहे एवढं त्याने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन रानात गेला आणि एक सरळसोट धावडा पाडून घेऊन आला. सोनबा बाहेर गेलेला पाहून त्याने त्याच्या गाडीखाली शिरून सुतळीने आसाचं माप घेतलं. विचारलं असतं तर सोनबाने सगळं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे तो मोठा आणि आपण लहान, असं निंबाजीला वाटलं. सुतळीने त्याला लांबी सांगितली, जाडी सांगितली. बाकीचं सुतळीला कुठून ठाऊक असणार?

गिरजा दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"तुमच्यासारखी गाडी कुणाला हाकता येत नाही," ती म्हणाली. "मग सुतारकामही तुम्हालाच आलं पाहिजे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

निंबाजीने तासणी उचलली. आणि तो पुन्हा लाकडाला भिडला.

आस दिसायला देखणा झाला. चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या गाभ्यात, टोक कसं घट्ट बसलं. लोक बघायला आले आणि एकजण पाठीवर थाप मारून म्हणाला, अगदी सोनबासारखा बसवलास. निंबाजीने ज्या शब्दासाठी एवढी ढोरमेहनत केली होती, तो शब्द आला आणि त्यातही सोनबाच होता. त्याचं तोंड कडू झालं.

मग त्याने ठरवलं की लोकांना डोळ्यांनीच दिसू दे. पुढच्या खेपेला त्याने इतरांपेक्षा जास्त पोती लादली आणि आज आपण पुढे राहणार म्हणून सांगितलं. सोनबा लगेच बाजूला झाला. भांडणाची तयारी करून आलेल्या निंबाजीला तेही बोचलं.

घाटाचा अर्धा चढ बरा गेला. ऊन तापलं तसं ओलं लाकूड आकसत गेलं आणि चाक डगमगू लागलं. निंबाजीला ते आधी बैठकीखाली जाणवलं, मग कानाला ऐकू आलं. थांबायला हवं होतं. पण मागे सोनबाची गाडी होती आणि त्याच्या डोळ्यांदेखत थांबायचं निंबाजीच्या जिवावर आलं. त्याने बैलांना हाकारलं. दरीच्या अंगाच्या वळणावर आस कडाडला, चाक निसटून खाली गेलं आणि गाडी कलली.

पोती घरंगळली. दरीकडच्या बैलाचं नाव पाखऱ्या. तो जोखडासकट गुडघ्यावर आला आणि त्याचा पुढचा पाय खाली मुडपला. गाडी त्याला मानेने कडेकडे ओढत होती. निंबाजी वेसण धरून मागे रेलला, पण एकट्याने ते वजन पेलणारं नव्हतं. सोनबा आपली गाडी सोडून धावत आला. त्याने उरलेल्या चाकामागे धोंडा सरकवला आणि विळ्याने बैलांच्या गळ्याचे पट्टे कापले. बैल सुटले, गाडी दरीत गेली.

सगळं शांत झाल्यावर सोनबाने वाटेवर पडलेला आसाचा तुकडा उचलला आणि त्याच्यावरून बोट फिरवलं.

"ओला होता," तो म्हणाला.

"तुझाही धावडाच ना?" निंबाजीने विचारलं.

"माझा धावडा बापाने तोडून माळ्यावर टाकलेला. मला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा. आणि बसवल्यावर भागोजीला बोलावून दाखवला. एक टोक त्याने पुन्हा तासून दिलं. हे तर मी सगळ्यांना सांगत होतो."

सोनबा ते सांगत होता हे खरं होतं. पण सोनबाचं नाव निघालं की निंबाजी बैठकीतून उठून जायचा. त्यामुळे कौतुक तेवढं त्याच्या कानावर पडलं आणि कामाचं सगळं राहून गेलं.

निंबाजीने पाखऱ्याला हळूहळू चालवत घाटाखाली आणलं. वैदूने पाय बांधला, लेप लावले. पाय जुळला, पण वाकडा. पाखऱ्या पुन्हा गाडीला लागला नाही.

गाडी गेली, जोडी फुटली. निंबाजी घरात बसून राहिला. एक दिवस सोनबा दारात आला आणि जरा अवघडून म्हणाला की माझ्या गाडीवर हाकायला तू बस. त्या दरीच्या वळणावर मला दर खेपेला भीती वाटते, पुढे राहायला लागल्यापासून रात्रभर झोप नसते. तू हाक, मी मागे चालतो, आणि मिळेल ते वाटून घेऊ.

ज्या माणसाच्या हाताचा आपण एवढा हेवा केला, तो इतके दिवस आपल्या हाताची वाट पाहत होता, हे निंबाजीला त्या दिवशी कळलं. तो कामाला लागला आणि गाडी नीट चालली.

पण पहाटे अंगणात सोनबाचे बैल जुंपले जायचे, तेव्हा घुंगरांचा आवाज ऐकून गोठ्यातला पाखऱ्या तीन पायांवर धडपडत उठायचा आणि आपली मान पुढे करायचा. निंबाजी रोज त्याच्या मानेवरून हात फिरवायचा, त्याला खाली बसवायचा आणि खालमानेने बाहेर पडायचा.

काम स्वतः करावं की जाणत्याच्या हाती द्यावं, हे ठरवताना हेव्याचा सल्ला घेऊ नये, कारण त्याला दुसऱ्याचं कौतुक तेवढं दिसतं, काम दिसत नाही.