सिंहाच्या जबड्यावरचे हात

एका राज्यात कोणी गादीवर बसले की आधी अभिषेक होत नसे. आधी पान निघे. हस्तिदंताच्या पातळ पानांचा एक संच राजवाड्यात होता. कोण्या जुन्या चिताऱ्याने त्यावर एकेक चित्र रंगवलेले: बुरुज, चंद्र, चाक, उलटा टांगलेला पुरुष, आणखी कितीतरी. नव्या राजाने डोळे मिटून एक पान ओढायचे, राजवाचकाने त्याचा अर्थ सांगायचा, आणि पान लगेच चंदनाच्या पेटीत बंद करायचे. मग ती राजवट संपेपर्यंत ते पान पुन्हा कोणी पाहायचे नाही, फक्त सांगितलेला अर्थ पाळायचा, असा तिथला रिवाज. चित्र पेटीत आणि अर्थ पालखीत! पण त्या लोकांना त्यात काहीच वावगे वाटत नसे.

राणी वेत्रवती गादीवर बसली तेव्हा तिच्या हाती आलेल्या पानावर एक बाई होती आणि एक सिंह. बाईचे दोन्ही हात सिंहाच्या जबड्यावर होते. राजवाचक भद्रसेनाने पानाकडे एकवार पाहिले, घसा खाकरला आणि सांगितले, "सिंह म्हणजे वैरी. महाराणींनी सिंहाचे तोंड बंद करावे. तोंड बंद झाले की राज्य निर्धास्त."

राणी तेव्हा कोवळ्या वयाची होती आणि दरबारातले सगळे वडीलधारे मान डोलावत होते. राज्याच्या सीमेवर, गेरूच्या डोंगरात, एक सिंह होताच. तो रोज पहाटे एकदा गर्जे, एवढाच काय तो त्याचा त्रास. आजवर कोणाच्या शेळीच्याही वाटेला तो गेला नव्हता. राणीने हुकूम दिला. मांत्रिक निघाले, त्यांनी सिंहाला जागच्या जागी खिळवले आणि वनाच्या राजाला शोभेल अशी सोन्याची जड कडी त्याच्या जिभेवर आडवी अडकवली. गर्जना थांबली. नगरात साखर वाटली गेली.

त्या वर्षापासून राज्यात जन्मलेले एकही मूल रडले नाही. मुले धट्टीकट्टी, टपोऱ्या डोळ्यांची, पण कंठात आवाज म्हणून नाही. सुईणी तळपायांना टिचक्या मारून थकल्या. भद्रसेनाने पुष्कळ विचार केला आणि सांगितले, "कडी ढिली पडत असावी." म्हणून मळणीच्या बैलाला बांधतात तसे मुसके घडवले, पण तांब्याचे, आणि ते सिंहाच्या तोंडावर चढवले. मुले मुकीच जन्मली. तेव्हा तांब्यावर लोखंडाचे मुसके चढले. अर्थ चुकला असेल हे कोणाच्या मनातही आले नाही. अर्थ नीट पाळला गेला नाही, एवढेच सगळ्यांना पटले. आपल्यातही अशी माणसे काही कमी नाहीत.

मूल हाक मारणार नाही, मग ते कुठे आहे हे कळावे कसे? आयांनी मुलांच्या पायांत घुंगरू बांधले. बाजारात, नदीच्या घाटावर, देवळाच्या आवारात सगळीकडे रुणझुण चाले आणि पोराचा आवाज मात्र कुठेच नसे. राणीची लेक किन्नरीही तशीच जन्मली. भारी तापट पोर. काही मनासारखे झाले नाही की पाय आपटून आपटून घुंगरू तोडायची.

एके दिवशी तिने ते असेच तोडले आणि रागाने धान्याच्या कोठारात जाऊन लपली. कोठारावरच्या माणसाने बाहेरून कडी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडले तेव्हा पोर जोंधळ्याच्या पोत्यांवर पडलेली होती. ओठ सुकलेले, आणि जाड दार ठोठावून ठोठावून बोटांची पेरे सोललेली. राणीने ती हातात घेतली. आपल्या लेकीने रात्रभर आईला हाक मारली होती आणि ती कोणालाच ऐकू आली नव्हती. राणीने डोळे पुसले आणि भद्रसेनाला बोलावणे धाडले.

"पेटी आणा," ती म्हणाली.

"महाराणी, वाचलेले पान पुन्हा पाहिले तर राजवट बुडते."

"कोणी पाहिले आणि कोणाची बुडाली?"

आजवर कोणी पाहिलेच नव्हते, तर बुडणार कोणाची?

"राज्य माझे, पान माझे आणि मूलही माझे आहे. पेटी आणा."

पेटी आली. राणीने पान उजेडात धरले आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, "भद्रसेन, एखाद्या जनावराचे तोंड बंद धरायचे, तर तुम्ही हात कुठे ठेवाल?"

"एक हनुवटीखाली, एक नाकाडावर."

"या बाईची बोटे कुठे आहेत?"

म्हाताऱ्याने पान डोळ्यांशी नेले. बाईच्या पेरांच्या वर पांढरे दात होते, खालीही दात होते. बोटे जबड्याच्या आत होती.

"आत आहेत," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग ती तोंड बंद करत नाही. उघडते आहे."

भद्रसेनाने पान खाली ठेवले. "आजोबांनी शिकवले होते, सिंह दिसला की वैरी म्हणायचे. मी सिंह पाहिला. हात पाहिलेच नाहीत." त्याच्या घरीही एक मुका नातू होता, आणि वर्षानुवर्षे तो त्याच्याशी खुणांनी बोलत आला होता. त्या घटकेला भद्रसेनाकडे पाहवत नव्हते.

राणी उठली तसे त्याने तिला अडवले. "आणि तोंड उघडताच सिंहाने आपल्याला खाल्ले तर?"

"पानावर त्याने बाईला खाल्लेले नाही."

"पानावर पुढचे काहीच दाखवलेले नाही, महाराणी."

इतक्या वर्षांत त्याने केलेले हे पहिले खरे वाचन. राणीने मान हलवली, झोपलेल्या लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि घोडा मागवला.

गेरूच्या डोंगराशी पोचल्यावर तिने शिपाई पायथ्याला थांबवले आणि एकटी वर चढली. माथ्यावर एक उंबर होता. उंबराखाली सिंह बसला होता आणि फांदीवर एक धनेश पक्षी बसला होता. धनेश बोलू लागला.

"उशीर केलास, राणी."

"खरे आहे. आता काय करू ते सांग."

"बंधने तीन आहेत. ज्या हाताने हुकूम दिला त्याच हाताने ती सुटतील. लोखंडाला खरे बोलणे हवे. तांब्याला धीर हवा. सोन्याचे मी सांगणार नाही."

"का?"

"सांगितले तर परत फिरशील."

"मग नको सांगूस," राणी म्हणाली आणि सिंहासमोर गुडघे टेकून बसली.

लोखंडी मुसक्याला ना कुलूप होते ना फट. तिने त्यावर हात ठेवला. "वाचकाने सांगितले म्हणून हे झाले," ती म्हणाली. लोखंड करकरले आणि आवळले. "मांत्रिकांनी हे केले." ते आणखी आवळले आणि सिंहाच्या छातीतून कण्हण्याचा आवाज आला. राणीच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. "मी हुकूम दिला," ती म्हणाली. "चित्राकडे नीट न बघता दिला. सगळे माना डोलावत होते म्हणून दिला." लोखंडी मुसके गंजल्या पत्र्यासारखे तुटून खाली पडले.

खालचे तांब्याचे मुसके उन्हाने धगधगत होते. तिने शेल्याचा पदर भिजवून लावला, तो पाहता पाहता काळा पडला. तेव्हा तिने दोन्ही तळहात थेट तांब्यावर ठेवले. कातडी चरचरली. ओरडावेसे वाटले, पण सोललेली इवली पेरे तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिने दात आवळले. ऊन उंबराच्या बुंध्यावरून सरले, फांद्यांवर चढले, शेंड्यावरून गेले. तांबे निवत निवत गार झाले आणि वाळक्या पानांच्या द्रोणासारखे आपसूक उसवले.

आता सिंहाचे तोंड मोकळे होते, पण ते उघडेना. इतकी वर्षे मिटलेला जबडा उघडायचे विसरून गेला होता. राणीने फोडांनी भरलेली बोटे त्याच्या दातांमध्ये घातली आणि जोर न करता, थांबत थांबत, जबडा वेगळा केला. आत जीभ होती आणि जिभेत रुतलेली सोन्याची कडी. मांस तिच्यावर वाढून आले होते. आता धनेशाने सांगायचे का टाळले ते तिला कळले. कडी ओढायची तर सिंहाला मरणाच्या वेदना होणार होत्या, आणि तिचा हात खांद्यापर्यंत त्याच्याच तोंडात असणार होता.

"दुखेल," ती सिंहाला म्हणाली. "पण मी सोडणार नाही."

तिने हात घातला, कडी पकडली आणि ओढली. सिंहाचे अंग थरथरले. वरचा जबडा खाली आला आणि सुळे तिच्या दंडाला टेकले. कातडीवर रक्ताचे दोन थेंब उभे राहिले. राणीने श्वास रोखला, पण हात काढला नाही. सुळे तिथेच थांबले, आणखी खाली आले नाहीत. सिंहाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि जबड्याचे सगळे स्नायू लटलट कापत होते. तेव्हा राणीला ते पान पहिल्यांदा पुरते वाचता आले. बळ एकट्या बाईचे नव्हते. बाईने हात मागे घ्यायचा नाही आणि सिंहाने तोंड मिटायचे नाही, असे दोघांचे मिळून ते चित्र होते.

"आता," राणी म्हणाली आणि तिने कडी हिसडून बाहेर काढली. जमिनीला लागताच त्या सोन्याचे मातीचे ढेकूळ झाले आणि फुटले.

सिंह उठला. त्याने मान वर केली आणि इतक्या वर्षांची कोंडलेली गर्जना एकदम सोडली. राणीचा अंबाडा सुटला, उंबराची फळे टपाटप गळली, धनेश फांदीवरून उडाला. मग सिंहाने राणीकडे एकवार पाहिले आणि शांतपणे गवतात निघून गेला. त्याला ना आभार हवे होते, ना माफी मागवून घ्यायची होती.

पुढे त्या राज्यात पेटी मोडून टाकली गेली. पान निघाले की ते चौकात मांडून ठेवत, ज्याला हवे त्याने पाहावे, वाटेल ते विचारावे. भद्रसेन रोज त्या पानाशी बसून राही आणि कोणी अर्थ विचारला की आधी म्हणे, "तुला काय काय दिसते ते सांग." पण ही झाली पुढची गोष्ट.

त्या दिवशी राणी नगराच्या वेशीत शिरली तर आत एकच कालवा चालला होता. पोरे किंचाळत होती, भोकाड पसरत होती, उगीचच हाका मारत होती. आया कानांवर हात ठेवून हसत होत्या आणि रडत होत्या. एक बाप लेकाला म्हणत होता, "अरे, जरा गप्प बस!" आणि असे म्हणायला मिळाले म्हणून त्याचेच डोळे भरून येत होते. राणीने घोडा कुठेच थांबवला नाही.

राजवाड्याच्या पायरीवर किन्नरी उभी होती. राणी उतरली आणि फडक्यात गुंडाळलेले हात पुढे करून थांबली. वाटभर तिने मनाशी एकच गोष्ट धरली होती, की पोरीच्या तोंडून पहिला शब्द 'आई' निघेल.

किन्नरीच्या कपाळाला आठी होती. तिने पाय आपटला.

"मला न सांगता कुठे गेली होतीस?" ती ओरडली. आवाज घोगरा होता, फाटका होता, पण चौथ्या मजल्यावर ऐकू जाईल इतका मोठा होता. "मी किती शोधलं तुला! किती वेळ शोधलं!"

राणी तिथेच पायरीवर बसली. डोंगरावर एकदाही न रडलेली ती बाई आता हमसून हमसून रडू लागली.

"ओरड," ती लेकीला पोटाशी धरून म्हणाली. "अजून ओरड. आज सगळे ऐकणार आहे मी."

राणीला जसा तिच्या लेकीचा आवाज भेटला, तसा ज्याच्या त्याच्या लेकराचा आवाज ज्याला त्याला भेटो.