मी इथे नव्हतो

एकदा एका अरण्याच्या कडेला असलेल्या विस्तीर्ण तलावावर सोनबाजी नावाचे एक वृद्ध जीवरक्षक काम करीत असत. तलावाच्या काठी सार्वजनिक बगीचा होता, झाडीतून पायवाटा काढलेल्या होत्या, आणि सुटीच्या दिवशी आसपासच्या शहरांतून शेकडो माणसे डबे घेऊन तेथे येत. माणसे आनंद करायला येत. सोनबाजींना मात्र त्या आनंदाकडे सतत संशयाने पाहावे लागे. चाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळांना जिवंत बाहेर काढले होते. ज्यांना तसे काढता आले नाही, त्यांचे देहही त्यांनीच काढले होते.

देवांगना ही त्यांची शिष्या. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरची, तिशीतली, पाण्यातच लहानाची मोठी झालेली. पोहणे तिला शिकवावे लागले नाही. सोनबाजींनी तिला दोन वर्षे पाणी ओळखायला शिकवले. पाणगवत कुठे पायात अडकते, वारा फिरला की नाव कुठे सरकते, आणि पूर्वेच्या काठाला कमरेएवढ्या पाण्यापुढे दोनच पावलांवर तळ कसा एकाएकी तुटतो. तलाव भरण्यापूर्वी तेथे मुरमाची खाण होती. त्या जागी धोक्याची पाटी लावलेली होती.

एका रविवारी एक गृहस्थ पत्नी आणि मुलासह तलावावर आले. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा, ओजस नावाचा. गृहस्थ तरुणपणी नदीत पोहलेले. मुलाला पाण्याची भीती. ती भीती आज घालवायचीच, असे त्यांनी घरूनच ठरवून आणले होते. पूर्वेच्या काठावर ते पाण्यात उतरलेले दिसताच देवांगनाने शिट्टी वाजवून त्यांना बाहेर काढले आणि खाणीचा धोका समजावून सांगितला. गृहस्थांनी हसून मान हलवली. तेवढ्यात बगीच्यात कुणाचा पाय काचेने कापल्याची हाक आली आणि ती मलमपट्टीची पेटी घेऊन तिकडे धावली. सोनबाजी त्या वेळी पलीकडच्या काठाला होते. तेथे पाणगवतात एक नाव अडकली होती आणि तिच्यात लहान मुले होती.

देवांगना पट्टी बांधत असताना तिच्या कानावर दुरून एका पुरुषाचा हसरा आवाज आला. “अरे, ये पुढे. मी आहे ना.” तो कुणाचा, हे तिच्या ध्यानात यायला क्षणभर उशीर झाला. ती पोहोचली तेव्हा गृहस्थ छातीभर पाण्यात उभे राहून मुलाचे नाव घेत होते आणि पाण्यावर कुणीच नव्हते. तिने तीनदा बुडी मारली. नाव वल्हवत सोनबाजी आले, त्यांनी बुडी मारली आणि खाणीच्या तळातून मुलाला वर आणले. पुष्कळ वेळ प्रयत्न करूनही तो श्वास घेईना.

काठावर गर्दी जमली. आई मुलाशेजारी बसून होती. तिने एकदाच मान वर करून नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. गृहस्थ तिच्याजवळ गेले नाहीत. ते सोनबाजींच्या अंगावर धावून गेले.

“कुठे होतास तू? तुला इथे कशासाठी ठेवलंय?”

सोनबाजींनी हात जोडले. “मी इथे नव्हतो, साहेब. मी पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता.”

गृहस्थांनी त्यांच्या थोबाडीत मारली. सोनबाजी हलले नाहीत. देवांगना संतापाने पुढे सरसावली, पण गुरूंनी तिचे मनगट असे घट्ट धरले की तिचा शब्द तोंडातच राहिला.

त्याच संध्याकाळी चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांसमोर सोनबाजींनी घडले ते सगळे, शिट्टीसकट, लिहून दिले. केवळ पाटी पुरेशी नाही, तेथे पाण्यात दोर आणि तरंगते पिंप बांधून वाट बंद करा, असेही सांगितले. परंतु तो जबाब कागदात राहिला आणि काठावरची थप्पड शंभर जणांनी पाहिली होती. वर्तमानपत्रात जीवरक्षकाच्या हलगर्जीपणाची बातमी आली. नावाडी सोनबाजींशी तुटक बोलू लागले. गावात त्यांचा सत्कार व्हायचा होता, तो कुणी काही न सांगता राहून गेला. म्हाताऱ्याचे जेवण कमी झाले. याचा त्यांना त्रास होत नव्हता असे नाही. तो देवांगनाला दिसत होता.

तेराव्यानंतर ते गृहस्थ पुन्हा आले आणि मग दर रविवारी येऊ लागले. येत, सोनबाजींना शोधून काढत आणि चारचौघांत वाटेल ते बोलत. सोनबाजी ऐकून घेत, बोलणे संपले की पाण्याचा तांब्या पुढे करीत, आणि ते परत जायला निघाले की थांब्यापर्यंत त्यांच्या मागे थोडे अंतर ठेवून चालत आणि बस सुटेपर्यंत तेथेच उभे राहत.

चौथ्या रविवारी देवांगनाला राहवले नाही. ती म्हणाली, “बाबाजी, जे अधिकाऱ्यांना सांगितलंत ते यांना का सांगत नाही? त्याला पाण्यात यांनीच बोलावलं. तुमचं नाव कशाला घालवता?”

सोनबाजी म्हणाले, “बावीस वर्षांपूर्वी याच तलावावर असाच एक बाप होता. लेकीला त्यानेच पाण्यात बोलावलं होतं. तो माझ्या अंगावर आला तेव्हा मला राग आला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मी दोनदा हाक मारली होती, तुम्ही ऐकलं नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या. तो माणूस गप्प झाला आणि मी मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी त्याला मी याच पाण्यातून काढलं.”

देवांगना खाली बसली.

“मी सांगितलं म्हणून त्याला कळलं, असं समजू नकोस पोरी. त्याला आधीच ठाऊक होतं. माझ्यावर ओरडत होता तेवढा वेळ ते त्याने अंगापासून दूर धरलं होतं. माझा राग शांत व्हावा म्हणून मी ते ओढून त्याच्या छातीवर ठेवलं. ज्यांनी इथे दोर बांधायचा, त्यांना मी सगळं लिहून दिलंय. यांनी विचारलं तर यांनाही खोटं सांगणार नाही. पण यांनी अजून विचारलेलंच नाही. अजून ते नुसते ओरडताहेत.”

पुढच्या रविवारी सोनबाजी तापाने घरी पडून होते. गृहस्थ आले, त्यांना म्हातारा दिसेना, तेव्हा ते देवांगनासमोर उभे राहिले.

“तूही होतीस ना त्या दिवशी? तू कुठे होतीस?”

तिच्या ओठांवर उत्तर तयार होते. महिनाभर रोज रात्री तिने ते मनात घोळवले होते. ते तिने गिळले. “बगीच्यात होते, साहेब. एकाच्या पायाला पट्टी बांधत होते. मी इथे नव्हते.”

ते तिला बोलू लागले. तिने ऐकून घेतले. ऐकताना तिला प्रथमच जाणवले की हा माणूस बोलताना कुणाच्याही तोंडाकडे पाहत नाही; त्याचे डोळे पाण्याच्या एकाच ठिकाणी लागलेले असतात. हळूहळू त्यांचा आवाज उतरला. शब्द संपले. ते काठावरच्या दगडावर बसले आणि पुष्कळ वेळाने म्हणाले, “तो नको म्हणत होता.”

देवांगना त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“मीच त्याला बोलावलं. तुला ऐकू आलं असेल ना?”

आता त्यांनी विचारले होते. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “हो. आलं होतं.”

तुमचा दोष नाही, असे ती म्हणाली नाही, आणि आहे असेही नाही. तिने आपली जागा बदलली, आणि ते गृहस्थ आणि पाणी यांच्या मधोमध येऊन बसली. मग तिने ओजसविषयी विचारले. तो काय शिकत होता, त्याला काय आवडायचे. ते सांगत राहिले. शेवटची बस सुटायच्या वेळी ती त्यांच्यासोबत थांब्यापर्यंत गेली, घरी कोण आहे याची चौकशी करून तिने त्यांच्या पत्नीला फोन लावून दिला, आणि बस वळणाआड गेल्यावर सोनबाजींच्या घरी जाऊन सगळे सांगितले. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले आणि एवढेच विचारले, “बसमध्ये बसलेलं पाहिलंस ना?”

ती हो म्हणाली. सोनबाजींनी कूस बदलली आणि कित्येक दिवसांनी त्यांना झोप लागली.

कुणाला खरे सुनावण्याचा प्रसंग आपल्यावर येईल, तेव्हा ते सांगून झाल्यावर त्याच्याजवळ बसून राहण्याची आपली तयारी आहे का, एवढे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.