डागाआधीची वाट

एका मोठ्या रुग्णालयात एक वृद्ध शल्यचिकित्सक होते. त्यांच्या हाताखाली शिकणारा शिष्य बुद्धीने तल्लख होता, हातानेही चपळ होता. वाट पाहणे तेवढे त्याच्या स्वभावात नव्हते. एकदा त्यांच्याकडे नरसव्वा नावाची, हातमागावर साड्या विणणारी एक बाई आली. तिच्या टाचेवर काळा डाग उठला होता. तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, असल्याचे तपासणीत ठरले होते.

शिष्याने तिची जांघ चाचपून पाहिली. बोटांना काहीच लागले नाही.

"डॉक्टर, अंगात पसरलं नाही ना?" तिने विचारले.

"छे हो मावशी! डाग काढला की सुटलात." नरसव्वाचा जीव भांड्यात पडला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिला भूल दिली गेली. शिष्य टाचेवर सुरी टेकवणार, तोच सरांनी त्याचे मनगट धरले. मग त्यांनी डागाभोवतीच्या कातडीत निळा रंग टोचला आणि ते चक्क तिचा तळवा चोळू लागले. शिष्य मनातून चडफडला. रोग डोळ्यांसमोर, रोगी भुलीखाली, आणि एवढा नावाजलेला माणूस पाय चोळतोय! सरांचे आता वय झाले, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

थोड्या वेळाने सरांनी टाच तशीच सोडून जांघेत छोटा छेद घेतला. आत वाटाण्याएवढी एक ग्रंथी निळी झाली होती. ती काढून त्यांनी तपासणीला दिली आणि शिष्याला म्हणाले, "हं, आता काढ डाग."

बाहेर आल्यावर शिष्याला राहवले नाही. "सर, जांघेत काही लागत नव्हतं. मग हा खटाटोप कशासाठी? आणि डाग आधी काढला असता तर बिघडलं काय असतं?"

सर हसले. "पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते, हे तुझ्या आजीलाही ठाऊक असेल. टाचेपासून जांघेपर्यंत अंगात बारीक वाटा आहेत. रोग निघालाच, तर तो बहुधा त्याच वाटांनी जातो आणि पहिल्या ग्रंथीत थांबतो. चार पेशी थांबल्या, तर तुझ्या बोटांना काय कळणार? त्या कुठल्या ग्रंथीत थांबल्या असतील, ते डागाभोवतीची कातडी सांगते; तिच्यात टोचलेला रंग त्याच वाटांनी चढतो. तीच तू आधी कापून टाकलीस, तर विचारणार कोणाला?"

काही दिवसांनी अहवाल आला. निळ्या ग्रंथीचे पातळ काप करून पाहिल्यावर त्यांत रोगाच्या मोजक्या पेशी सापडल्या होत्या. शिष्याचा चेहरा उतरला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"तिला मी सांगू का?" सरांनी विचारले.

"नको सर. 'सुटलात' असं मी म्हणालो होतो. मीच जातो."

तो नरसव्वाच्या खाटेजवळ गेला. "मावशी, मी नीट न पाहताच बोललो. रोग जांघेपर्यंत पोचलाय. पण सरांनी तो तिथे हुडकून काढला, म्हणून आता पुढची औषधं सुरू करता येतील."

नरसव्वाने पदराने डोळे पुसले.

"आणि त्यांनी हुडकला नसता तर?"

"तर तुम्ही हसत घरी गेला असता," शिष्य म्हणाला, "आणि तुम्हाला बरं केलं, या समाधानात मी राहिलो असतो."